पशुधनाच्या जमाखर्चातील कोरा रकाना



पशुधनाच्या आकडेवारीवर बोलण्याचा मनोदय मी या व्याख्यानमालेच्या चालकांना कळविला, तेव्हा त्यांच्यापैकी एका स्नेह्यांनी, अत्यंत सौजन्यपूर्वक, विषय थोडा कोरडा होणार नाही ना, अशी पृच्छा केली. आणि ज्या विषयात नुसत्या दुधाचाच आकडा तेवीस कोटी टनांच्या पुढे जातो त्याला कोरडा कसे म्हणावे, असे उत्तर देऊन मी ती वेळ निभावून नेली. परंतु त्यांच्या शंकेचे खरे उत्तर निराळे आहे. ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्याने होतात ते गृहस्थ जन्मभर गुरांच्या दवाखान्यात राबले, आणि त्यांच्या नावाने चालणाऱ्या व्यासपीठावरून संतसाहित्यापासून संघराज्यापर्यंत सर्व विषयांचा परामर्श घेतला गेला असता गुरांची पाळी एकदाही येऊ नये, ही गोष्ट त्यांनी स्वतः हसून नेली असती तरी आपण हसून नेऊ नये, असे मला वाटते.

अलीकडे दर वर्षी २६ नोव्हेंबरला, म्हणजे सहकारी दूध-चळवळीचे शिल्पकार डॉ. व्हर्गीस कुरियन यांच्या जन्मदिनी, केंद्र सरकारचा पशुसंवर्धन विभाग देशातील दूध, अंडी, मांस आणि लोकर यांच्या वार्षिक उत्पादनाचे आकडे प्रसिद्ध करतो. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत दुधाचा आकडा ठळक टाइपात येतो, अंड्यांना एखादी ओळ मिळते, मांसाचा उल्लेख जरा चोरट्यासारखा होतो आणि लोकरीचा बहुधा होतच नाही. दूध, मांस आणि लोकर ही तीन खाती सरकारी दप्तरात तीन निरनिराळ्या पानांवर मांडलेली असतात. गोठ्यात आणि वाड्यावर मात्र ती एकाच दाव्याने बांधलेली असतात. गाय व्याल्याखेरीज दूध देत नाही, व्याली म्हणजे सरासरीने दोन वेतांतून एकदा गोऱ्हा होणार, आणि त्या गोऱ्ह्याचे पुढे काय झाले हा प्रश्न दुधाच्या पानावर विचारला जात नाही व मांसाच्या पानावर त्याचे उत्तर सापडत नाही. आजचे माझे सारे म्हणणे या दोन पानांच्या मधल्या जागेविषयी आहे.

दुधाचा आकडा आरंभी घेऊ, कारण तो आपल्या अभिमानाचा आहे आणि तो अभिमान अकारण नाही. १९५०-५१ मध्ये देशाचे दूध-उत्पादन १ कोटी ७० लाख टन होते आणि दरडोई दररोज १३० ग्रॅम दूध वाट्याला येत होते. पुढील दोन दशकांत लोकसंख्या दुधापेक्षा वेगाने वाढली आणि हे प्रमाण उलट घसरले. १९७० साली ज्या योजनेला 'दुधाचा महापूर' असे नाव मिळाले ती सुरू झाली, खेड्यातील संकलन-केंद्रापासून शहरातील ग्राहकापर्यंत सहकारी साखळी उभी राहिली, १९९८ मध्ये भारताने अमेरिकेला मागे टाकून जगात पहिला क्रमांक मिळविला, आणि २०२३-२४ मध्ये हा आकडा २३ कोटी ९३ लाख टनांवर, दरडोई ४७१ ग्रॅमवर पोहोचला. आता घरोघरच्या खर्चाची जी पाहणी सरकारच करते तिच्यात माणशी दुधाचा उपभोग याच्या निम्म्यापेक्षाही कमी निघतो. उरलेले दूध हलवायाच्या कढईत, चहाच्या टपरीवर, भुकटीच्या पोत्यांत आणि तुपाच्या डब्यांत जाते हे खरे, परंतु निम्म्याहून अधिक दूध असे वळसा घालून जाते काय, याचा खुलासा कोणीतरी करावयास हवा. कारण उत्पादनाचा हा आकडा मापून बेरीज केलेला नसतो. वर्षाचे उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीन भाग करून, नमुन्यादाखल काही गावे व त्यांतील काही गोठे निवडून, तेथील जनावरांचे दूध मोजून सरासरी काढावयाची आणि तिला जनावरांच्या संख्येने गुणावयाचे, अशी ही एकात्मिक नमुना सर्वेक्षणाची रीत आहे. रीत शास्त्रशुद्ध आहे. पण तिचा गुणाकार खानेसुमारीतील संख्येवर अवलंबून असतो, आणि ती खानेसुमारी बहुधा पाच वर्षांतून एकदा होते.

१९१९-२० साली सुरू झालेल्या या पशुगणनेची विसावी आवृत्ती २०१९ ची. तिच्यातील एका ओळीकडे ज्यांनी लक्ष द्यावयास हवे होते त्यांनीही फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. २०१२ ते २०१९ या सात वर्षांत देशातील गोवंशाच्या माद्यांची संख्या १८ टक्क्यांनी वाढून सुमारे साडेचौदा कोटी झाली, आणि नरांची संख्या ३० टक्क्यांनी घटून सुमारे पावणेपाच कोटींवर आली. म्हणजे तीन गाईंमागे एक नर. स्वातंत्र्याच्या सुमारास या देशात काम करणाऱ्या बैलांची संख्या प्रौढ गाईंहून अधिक होती, हे ध्यानात घेतले म्हणजे केवढे स्थित्यंतर होऊन गेले याची कल्पना येईल. निसर्ग तर कालवडी आणि गोऱ्हे जवळजवळ सारखेच जन्माला घालतो. मग हे दोन कोटी नर गेले कोठे?

ट्रॅक्टर आला, नांगर गेला, मोट तर त्याच्या कितीतरी आधी गेली, हा उत्तराचा पूर्वार्ध झाला. उत्तरार्ध आपल्याच यशाच्या पोटात आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला जी संस्था स्थापन केली तिने गोठवलेल्या रेताने, शेतकऱ्याच्या दारात जाऊन, गावठी गाईचे संकर घडविण्याची पद्धत रूढ केली आणि पुणे, नगर, सांगली, कोल्हापूर या भागांतील कित्येक कोरडवाहू कुटुंबांना दर दहा दिवसांनी हातात रोख पैसा दिसू लागला. या उपकाराचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु संकरित गाईचा गोऱ्हा हा खिलाराचा खोंड नव्हे. त्याला वशिंड नाही म्हणून जू नीट बसत नाही, उन्हात त्याला धाप लागते, आणि चारा मात्र तो अंगाप्रमाणे खातो. खोंड झाला की पेढे वाटणारा शेतकरी मी लहानपणी पाहिलेला आहे; त्याचाच नातू आज गाय व्याली की आधी वासराचे शेपूट उचलून पाहतो, आणि गोऱ्हा निघाला तर दुधाच्या हिशेबाची वही निराशेने मिटतो.

गुरांच्या आठवडी बाजारात थोडा वेळ उभे राहिले म्हणजे जे सरकारी तक्त्यात नाही ते दिसू लागते. एका बाजारात माझ्यासमोर एक हेडी, म्हणजे गुरांचा दलाल, आणि एक शेतकरी यांनी उपरण्याखाली हात घालून, बोटे दाबून, एक शब्दही न उच्चारता तिसऱ्या वेताच्या गाभण गाईचा सौदा पुरा केला. जबडा उघडून दात पाहिले, कास चाचपली, शिंगाच्या मुळाशी बोट फिरवले, पावती फाडली आणि व्यवहार संपला. त्यांच्यापासून दहा पावलांवर चार जर्सी गोऱ्हे एका टेंपोच्या सावलीत बांधले होते. त्यांचे दात कोणी पाहत नव्हते. त्यांच्या मालकाला मी भाव विचारला, तेव्हा तो म्हणाला, 'भाव कशाचा साहेब, टेंपोचं भाडं सुटलं तरी देईन.' संध्याकाळी बाजार उठला तेव्हा त्या चारांपैकी एकही तेथे नव्हता, आणि पावती-पुस्तकात त्यांची पावती असेल असे मला वाटत नाही.

दोन पानांमधल्या या रिकाम्या जागेकडे अभ्यासकांचे लक्ष गेले नव्हते असे मुळीच नाही, आणि त्यात आपल्या पुण्याचा वाटा मोठा आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९६४ साली गुरांच्या विकासातील संख्येच्या प्रश्नावर लेख लिहिला आणि पुढे १९६९ मध्ये, भारतीय गोपूजेचे समर्थन पर्यावरणाच्या आधारे करणाऱ्या मार्व्हिन हॅरिस या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाशी त्यांचा जाहीर वाद झाला. हॅरिसचे म्हणणे असे की शेणाचे इंधन, खत आणि बैल यांचा हिशेब धरला तर ज्याला आपण निरुपयोगी म्हणतो ते जनावर निरुपयोगी ठरत नाही. दांडेकरांना हा युक्तिवाद म्हणजे अस्तित्वात आहे ते योग्यच असले पाहिजे अशी विद्वत्तेच्या वेषातील सबब वाटली. त्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांनी एक निराळीच वाट दाखविली. कत्तलीचे आकडे विश्वसनीय नसतील तर नर-मादी प्रमाण पाहा, असे त्यांच्या विवेचनाचे सार होते. केरळात गाई फार आणि बैल थोडे, उत्तर प्रदेशात बैल फार आणि गाई थोड्या. आणि ज्या मुलखात जे जनावर नको असते ते तेथे मोठे होईपर्यंत उरत नाही, मग धर्मशास्त्र काहीही सांगो. ही वाट मला आजही सर्वांत भरवशाची वाटते. १९६९ चा उत्तर प्रदेश आणि आजचा महाराष्ट्र यांत फरक इतकाच की तेव्हा नकोशी गाय होती आणि आता नकोसा बैल आहे.

न्यायालयांनाही हा हिशेब टाळता आलेला नाही. राज्यघटनेच्या ४८ व्या अनुच्छेदाने गाई, वासरे आणि इतर दुभत्या व ओढकामाच्या जनावरांच्या कत्तलीस प्रतिबंध करण्याचे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. १९५८ साली हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गाई व वासरांवरील संपूर्ण बंदी मान्य करून, काम करण्यास असमर्थ झालेल्या बैलांवरील बंदी मात्र अवाजवी ठरविली आणि त्यासाठी उपलब्ध चारा व उपलब्ध तोंडे यांची वजाबाकी विस्ताराने केली. २००५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने, एका न्यायमूर्तींच्या भिन्न मतासह, तो निर्णय फिरविला. म्हातारा बैलसुद्धा शेण आणि मूत्र देतो, सबब तो निरुपयोगी नव्हे, हा त्यातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. हॅरिस आणि दांडेकर यांचा वाद असा पुन्हा न्यायासनासमोर आला, आणि या खेपेला हॅरिसची बाजू वरचढ ठरली. महाराष्ट्रात १९७६ चा पशुसंरक्षण अधिनियम होताच. त्याची १९९५ मधील दुरुस्ती वीस वर्षे राष्ट्रपतींच्या संमतीची वाट पाहत राहिली आणि मार्च २०१५ पासून वळू व बैलही बंदीच्या कक्षेत आले. या कायद्याचे समर्थन करणे किंवा त्याला विरोध करणे हा आजचा विषय नाही, आणि ज्यांना तो विषय हवा आहे त्यांना व्यासपीठांची वानवा नाही. मला फक्त एवढेच सांगावयाचे आहे की कायद्याने एक रकाना शून्य करता येतो, परंतु गोठ्यातील जन्म शून्य करता येत नाहीत.

मांसाच्या पानाकडे वळू. २०२३-२४ मध्ये देशाचे मांसोत्पादन १ कोटी अडीच लाख टन होते. त्यातील जवळजवळ अर्धे कोंबडीचे. त्याविषयी अधिक बोलण्याचे कारण नाही, ते गोठ्यातून कारखान्यात गेलेले खाते आहे. (तेथेही अंडी देणाऱ्या जातीचे नर पिल्लू जन्मल्या दिवशीच नाहीसे केले जाते, हे जाता जाता नमूद करतो.) उरलेल्या अर्ध्यात, एकूण मांसाच्या हिशेबाने, म्हशीचे १८ टक्के, शेळीचे सुमारे साडेपंधरा, मेंढीचे ११, डुकराचे पावणेचारच्या आसपास, आणि गोवंशाचे अडीच टक्क्यांच्या जरा वर. हे अडीच टक्के म्हणजे सुमारे पावणेतीन लाख टन. एका जनावराचे मांस शंभर किलो धरले तर सव्वीस-सत्तावीस लाख जनावरे होतात. गाईंची जी संख्या आपण पाहिली तिच्यावरून दर वर्षी जन्मणाऱ्या नर वासरांचा अंदाज कोणीही कागदावर करून पाहावा. तो कोटीच्या घरात जातो. सव्वीस लाख एका बाजूला, कोटी दुसऱ्या बाजूला, आणि गोठ्यातील नरांची एकूण संख्या मात्र वाढण्याऐवजी उतरत चाललेली. मधली जनावरे काही मोकाट फिरतात, काही गोशाळांत असतात, काही राज्याची वेस ओलांडतात, आणि बहुसंख्य, मला भय वाटते, पहिल्या काही आठवड्यांतच पुरेसे दूध न मिळाल्याने मरतात. या मृत्यूला कत्तल म्हणत नाहीत, म्हणून तो मांसाच्या पानावर येत नाही. आणि त्याने दूध कमी होत नाही, उलट वाचते, म्हणून तो दुधाच्या पानावरही येत नाही.

म्हशीची कथा निराळी आहे, आणि ती मुंबईकरांना तरी ठाऊक असावयास हवी. शहरातील तबेल्यांत हरियाणा-गुजरातेतून ताजी व्यालेली म्हैस आणावयाची, एक वेत पिळून घ्यावयाचे आणि ती भाकड झाली की तिला पोसण्यापेक्षा नवी आणणे स्वस्त म्हणून खाटकाला विकावयाची, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. १९४९ साली दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने आरे वसाहत उभी राहिली ती शहरातील तबेले बाहेर काढून हा क्रम मोडावा याच उद्देशाने.  क्रम पुरता मोडला नाही, पण एक गोष्ट झाली: म्हशीचे दूध आणि म्हशीचे मांस ही दोन खाती एकमेकांशी जुळलेली राहिली. आज देशातून वर्षाला सुमारे १३ लाख टन म्हशीचे मांस परदेशी जाते, गोवंशाच्या मांसाच्या निर्यातीला मनाई आहे, आणि त्या मांसाचे वजन व दाखला बंदराच्या कागदावर उतरतो. म्हशीचा शेवट नोंदला जातो, कारण त्यावर परकीय चलन मिळते. शेतकऱ्याच्या दृष्टीनेही भाकड म्हशीला अखेरची किंमत असते आणि त्या किमतीत तो नव्या पारडीची सोय करतो. गाय बाळगणाऱ्याला हा आधार उरलेला नाही. तरीही पश्चिम महाराष्ट्रात गाईच वाढत आहेत, कारण संकलन-केंद्रावर लिटर मोजतात आणि संकरित गाय लिटरला कमी पडत नाही.

मेंढीच्या खात्यावर मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण तेथे हिशेबातील विसंगती बोट ठेवून दाखविता येते. २०१९ च्या गणनेत देशात ७ कोटी ४३ लाख मेंढ्या होत्या, आधीच्या गणनेपेक्षा १४ टक्क्यांनी अधिक. लोकर मात्र २०१८-१९ मध्ये ४ कोटी ४ लाख किलो होती ती २०२३-२४ मध्ये ३ कोटी ३७ लाख किलोवर आली. मेंढ्या वाढतात आणि लोकर घटते. भागाकार केला तर एका मेंढीमागे वर्षाला साडेचारशे ग्रॅम लोकर पडते. याच मेंढ्यांचे मांस, एकूण मांसाच्या ११ टक्के, म्हणजे ११० कोटी किलोहून अधिक. लोकरीच्या तीसपटीहून जास्त मांस ज्या जनावरापासून मिळते त्याला लोकरीचे जनावर म्हणणे ही आता केवळ पाठ्यपुस्तकांची सवय आहे.

माणदेशात, जतच्या पट्ट्यात किंवा नगरच्या माळरानावर धनगरांच्या वाड्यावर गेलात तर हे आकडे मेंढरांच्या पाठीवर वाचता येतात. दख्खनी मेंढी काळी, लोकर राठ. वर्षातून दोनदा कातरायची, आणि कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीतून निघत नाही. गालिच्याला पांढरी लोकर लागते, कारण तीच रंगवता येते. ती बिकानेरच्या बाजारात राजस्थानातून आणि जहाजाने परदेशातून येते. काळ्या लोकरीचे एकच गिऱ्हाईक होते, घोंगडी विणणारा सनगर. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ निवडून ठेवायचे, पिंजून सूत काढायचे, चिंचोक्याची खळ देऊन ताणा लावायचा, आणि खड्डामागावर असे घोंगडे विणायचे, की पावसाळ्यात खांद्यावर टाकले म्हणजे पाणी आत शिरत नसे. प्लास्टिकच्या कागदाने पाऊस अडविला, गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटने थंडी अडविली, आणि सनगराचा माग थांबला. आता कित्येक ठिकाणी कातरलेली लोकर झुडपाखाली टाकून कळप पुढे जातो. धनगराने या परिस्थितीला दिलेले उत्तर मला फार शहाणपणाचे वाटते: त्याने माडग्याळी मेंढा आणला. जत तालुक्यातील या जातीला लोकर जवळजवळ नाही, केस आहेत, नाक पोपटासारखे बाकदार आहे, आणि कोकरू झपाट्याने वाढते. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनच्या लहानशा गरोळ मेंढीतील जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत उतरविला, तोही मांसासाठीच. लोकरीचा ऱ्हास असा कोणा एकाच्या दुर्लक्षाने झालेला नाही. पाळणाऱ्यांनी जाणूनबुजून, पिढीमागून पिढी, ती जनावराच्या अंगावरून उतरविली आहे. खरे उत्पन्न एक मांसाचे, आणि दुसरे शेतात मेंढरे बसविण्याचे. लेंडीखतासाठी रात्री कळप शेतात बसवून घेणारा बागाईतदार धान्य किंवा पैसे देतो. त्या खताचा रकाना दूध, मांस, लोकर आणि अंडी यांच्या तक्त्यात कोठे असणार?

परंतु मेंढीच्या मांसाच्या आकड्यातही एक गाठ आहे. एका मेंढीचे मांस बारा किलो धरा; ११० कोटी किलोसाठी नऊ कोटींहून अधिक मेंढ्या कापाव्या लागतात, आणि गणनेतील कळप साडेसात कोटींचा आहे. गणनेनंतर कळप वाढला असे धरले, वर्षात जन्मून वर्षातच विकलेली कोकरे गणनेच्या दिवशी दिसत नाहीत हेही धरले, तरी ज्या मेंढीला बहुधा एकच कोकरू होते तिच्या कळपातून वर्षाला कळपाहून अधिक जनावरे निघणे कठीण. कोठेतरी मेंढ्या कमी मोजल्या गेल्या, किंवा मांस अधिक मोजले गेले, किंवा दोन्ही. कापणी मुंबईतील देवनारसारख्या मोठ्या पशुवधगृहात झाली तर नोंद होते. खेड्यातल्या खाटकाच्या झाडाखाली झाली तर तिचा अंदाज बांधतात. फिरस्त्या धनगराचा कळप गणनेच्या महिन्यात नेमका कोणत्या तालुक्यात धरावा, हा प्रश्न तर जुनाच आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांच्या जनावरांची स्वतंत्र माहिती प्रथमच घेण्याचे ठरले, ही समाधानाची गोष्ट आहे. माझी सूचना याच्याही पुढची आणि फारशी खर्चिक नसलेली आहे. नमुना सर्वेक्षणासाठी जे गोठे निवडले जातात त्यांना दुधाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत: गेल्या वर्षात येथे किती वासरे, रेडके, कोकरे जन्मली, नर किती मादी किती, आणि त्यांपैकी प्रत्येक गोठ्याबाहेर कसे गेले, विकले, मेले, सोडले की कापले. लिंगनिश्चित रेतमात्रा आता सरकारी योजनेतून मिळू लागल्या आहेत आणि त्यांतून शेकडा नव्वद कालवडी होतात असे सांगितले जाते. त्या उपायाने नकोशा गोऱ्ह्यांचा प्रश्न किती सुटला, हे तरी या दोन प्रश्नांवाचून कळणार कसे?

यावर आक्षेप उघड आहे. ज्या राज्यात बैल कापण्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आहे तेथे शेतकरी दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर का म्हणून देईल? आक्षेप रास्त आहे. म्हणून हे प्रश्न पशुसंवर्धन खात्याच्या माणसाने विचारू नयेत. जो दाखला देतो किंवा नाकारतो त्याच्यापुढे कोणी मन मोकळे करीत नाही. ते सांख्यिकी खात्याच्या गणकाने विचारावेत, २००८ च्या सांख्यिकी संकलन अधिनियमाने माहिती देणाऱ्याला गुप्ततेचे जे अभय दिले आहे ते त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावे, आणि पहिल्या वर्षी निदान मेंढ्या आणि म्हशी यांच्यापासून आरंभ करावा, कारण त्यांच्याविषयी खरे बोलण्यास कोणालाच भीती नाही. गाईचा रकाना दुसऱ्या वर्षी उघडावा.